मायनस अठरात लागलेली उन्हाळी

लघवीला जळजळ व्हायला लागली, थेंब थेंब व्हायला लागली, की आमच्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणतात. अंगात ऊन शिरतं आणि खालून बाहेर पडायला बघतं, अशी त्यामागची समजूत. कॅनडातल्या वॉटर्लूमध्ये राहून तीस वर्षं झाली, पण हा शब्द मी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. तो माझ्या वतीने उच्चारला माझ्या नणंदेने, तिच्या ओकव्हिलच्या घरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वीस बायकांसमोर. बाहेर मायनस अठरा होतं.

नणंदेला मी 'वन्सं' म्हणते. लग्नात सासूबाईंनी शिकवलेला शब्द. माझ्या बरोबरीच्या बायका नणंदांना कधीच ताई म्हणायला लागल्या, मी मात्र वन्संवरच राहिले. यात आदर किती आणि आळस किती, ते मला विचारू नका. वन्सं माझ्या नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. यजमान पाच वर्षांपूर्वी गेले, मुलगा व्हँकूव्हरला. मोठ्या घरात एकट्याच राहतात, पण घरात चौदा माणसं असल्यासारखे हुकूम सोडतात.

मला मधुमेह होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तो मी लपवत नाही. माझ्या आकाराच्या बाईने लपवला तरी कोण विश्वास ठेवणार!

तर त्या दुपारी मी चौथ्यांदा वॉशरूमकडे निघाले, तेव्हा वन्सं तिळगुळाचा डबा हातात घेऊन हॉलच्या मधोमध उभ्या होत्या.

"हिला उन्हाळी लागलीये गं!" त्यांनी जाहीर केलं. "बाहेर मायनस अठरा, आणि हिला उन्हाळी!"

बायका हसल्या. मीही हसले. ही माझी जुनी खोड. कुणी पायावर पाय दिला तरी मी आधी हसते, मग मला दुखतं.

"हसू नका, साधी गोष्ट आहे," वन्सं पुढे म्हणाल्या. "स्वच्छता कमी पडली की होतंच हे. आणि त्यात साखर. आमच्या घराण्यात नव्हती हो कुणाला साखर. ती सुनेबरोबर आली."

मी वॉशरूममधून परत आले तर माझ्या जागेवर एक जुना, विटका टॉवेल पसरलेला होता. पांढऱ्या सोफ्यावर तो मैलभरावरून दिसत होता.

"राग नको मानू हां," वन्सं म्हणाल्या. "सोफा नवा आहे ना, म्हणून."

मी त्या टॉवेलवर बसले. दोन तास बसले. मधुमेहामुळे मला तिळगूळ घेता येत नाही, नुसतंच गोड बोलावं लागतं, हा माझ्यावर दरवर्षी होणारा अन्याय आहे. त्या वर्षी तो जरा जास्तच झाला.

निघताना वन्संनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. इकडच्या प्रत्येक मराठी घरात असा एक डबा असतो. पुण्याला कोणीही गेलं की येताना औषधांच्या पट्ट्या आणायच्या आणि त्यात टाकायच्या. कशावर काय, ते फक्त घरच्या बाईला माहीत. वन्संनी एक अर्धी पट्टी कात्रीने कापून माझ्या हातात दिली. "सकाळ-संध्याकाळ घे. कशाला त्या क्लिनिकात पाच तास बसतेस!"

आता इथे मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. मी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात काम करते. मुलांना रोज सांगते, फॉर्म पूर्ण वाचा, सूचना नीट पाळा. त्या पट्टीवर तर नावसुद्धा अर्धंच होतं, बाकीचं नाव वन्संच्या डब्यात राहिलं होतं. तरी मी ती घेतली. दोन दिवसांत जळजळ गेली, म्हणून उरलेल्या दोन गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवून दिल्या. आमच्यात काहीच वाया घालवत नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता आणि मी तीन पांघरुणांखाली दात वाजवत पडले होते. कंबरेच्या वर एका बाजूला कुणी तरी पहार घालतंय असं वाटत होतं. उलटी झाली. नवरा बूट न काढताच वर आला, तेव्हाच मी ओळखलं की माझा चेहरा बरा दिसत नसणार. एरवी त्याला बुटांवरून मी ओरडते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषध घेतलं होतंत?"

"फॅमिली मेडिसिन," मी म्हणाले.

"तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी दिलेलं?"

"डॉक्टरांनी नाही. फॅमिलीने."

त्या हसल्या नाहीत. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून मला समजावलं. साखर वाढलेली असली की शरीराची जंतूंशी लढायची ताकद मंदावते. लघवीतून साखर जाते, ती जंतूंना आयती मेजवानी. शिवाय वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा बधिर होत जातात, ते पूर्ण रिकामं होत नाही, आणि साचलेल्या पाण्यात जे होतं ते होतं. कित्येकांना तर जळजळसुद्धा जाणवत नाही, एकदम तापच येतो.

"म्हणजे मी अस्वच्छ नाही?" मी विचारलं.

"असं कोण म्हणालं?"

या प्रश्नाचं उत्तर मी घराच्या पत्त्यासकट देऊ शकले असते.

तीन दिवस मी तिथे होते. हाताला सलाइन लावून छताकडे बघत पडलेल्या बाईला सूड या विषयावर विचार करायला भरपूर मोकळा वेळ मिळतो. तिसऱ्या दिवशी माझा विचार पक्का झाला. वन्संनी जे वीस बायकांसमोर म्हटलं, ते त्यांनी वीस बायकांसमोर परत घ्यायचं. फोनवर सॉरी नको, फुलं नकोत, आळूच्या वड्या तर मुळीच नकोत. वीस बायका पाहिजेत, आणि त्याच वीस.

"ताई तशीच आहे गं. सोडून दे," नवरा म्हणाला.

"तुमच्याखाली टॉवेल घातला होता का?"

तो पुन्हा शोव्हल करायला गेला. बर्फ पडलेला नव्हता तरी गेला.

गुढीपाडव्याला वन्संकडे जेवायला गेलो. मी, नवरा, आमची मुलगी आणि त्या, इतकेच. माझ्यासारख्या बाईचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या वॉशरूममध्ये जातं, त्यामुळे दुसऱ्यांची गुपितं तिला आपोआप कळतात. टॉयलेट पेपर संपला होता. नवा रोल शोधायला मी सिंकखालचं कपाट उघडलं. मागे, फिनाइलच्या बाटलीआड, रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांचा डबा होता. निम्मा वापरलेला. शेजारी बोटाला टोचायच्या सुया, आणि गोळ्यांची एक बाटली. मधुमेहाची, मी घेते तीच. बाटलीवर वन्संचं नाव होतं आणि तारीख त्याच महिन्याची होती.

मी पेपर न घेताच बराच वेळ तिथे बसून राहिले. देव आहे, असं मला फार वेळा वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

बाहेर आले तर वन्सं श्रीखंड वाढत होत्या. "तुला नको ना? तुझी साखर," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या ताटात दोन डाव घातले. मी काहीही बोलले नाही. मुलीने माझ्याकडे पाहून विचारलं, "मॉम, व्हाय आर यू स्मायलिंग लाइक दॅट?" मी म्हटलं, श्रीखंड छान दिसतंय. टेबलाशी चारच माणसं होती. मला वीस हव्या होत्या.

पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू मी आमच्याकडे ठेवलं. एकूण एक बायकांना आमंत्रण दिलं, आणि सांगितलं की या वेळी वाण लुटण्याआधी मी 'मधुमेह आणि लघवीचे आजार' या विषयावर पाच मिनिटं बोलणार आहे. कागदावर लिहून काढलं. बेसमेंटमध्ये फर्नेससमोर उभी राहून रोज म्हणून बघायचे. शेवटचं वाक्य असं होतं : "आणि आता आपण वन्संनाच विचारूया, वन्सं, तुमची साखर किती?"

मुलीने एकदा जिन्यावरून सगळं ऐकलं. "धिस इज नॉट अ स्पीच. धिस इज अ मर्डर," ती म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

कार्यक्रम शनिवारी होता. मदतीला म्हणून वन्सं गुरुवारीच आल्या. शुक्रवारी सकाळी त्या खाली यायच्या आधी मी डायनिंगच्या खुर्चीवर एक टॉवेल पसरून ठेवला. जुना, विटका, मुद्दाम शोधून काढलेला. वर्षभर या एका क्षणाची मी वाट बघितली होती. वन्सं आल्या, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंस. ऊब लागते."

मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. टोमणा न कळणाऱ्या वन्सं मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"बायका किती वाजता येणार?" त्यांनी विचारलं.

"उद्या तीनला."

चहा पिताना पुन्हा विचारलं. चहा झाल्यावर पुन्हा. मग पंचपाळं भरायला घेतलं. मी वळून पाहिलं तर कुंकवाच्या वाटीत त्यांनी लाल तिखट भरलेलं.

"वन्सं, हे तिखट आहे."

"मग? लालच आहे ना?"

ज्या बाईने मला लग्नानंतर कुंकवाच्या बोटावरून तीनदा टोकलं होतं, ती बाई हे म्हणत होती. मी त्यांचा हात धरला. गरम होता आणि कापत होता. सकाळपासून त्या पाच वेळा वॉशरूमला जाऊन आल्या होत्या. ते मी मोजलं होतं. या बाबतीत माझी नजर तयार आहे.

"लघवीला जळजळ होते का?"

"छे! मला कशाला होतेय?"

होत नसेलही. कित्येकांना जाणवतच नाही, हे मला पलंगाच्या कडेला बसून सांगितलं गेलं होतं.

आता खोटं कशाला लिहू. तिखटाची वाटी हातात घेऊन मी घड्याळाकडे पाहिलं. एका दिवसाचा प्रश्न होता. उद्या तीनला बायका येतील, साडेतीनला माझं भाषण, पावणेचारला शेवटचं वाक्य, आणि मग हवं तर चारला डॉक्टर. एक क्रोसिन देऊन झोपवलं असतं तर उद्यापर्यंत निभावलं असतं. हा हिशेब मी स्वयंपाकघरात उभी राहून शेवटपर्यंत केला. मग मला तो नववा दिवस आठवला, ती पहार, ते दात. आणि हेही आठवलं की वन्संना माझं शेवटचं वाक्य कळायला हवं. तिखट आणि कुंकू सारखंच वाटणाऱ्या बाईचा पराभव करून मला काय मिळणार? मला त्या पूर्ण शुद्धीत हव्या होत्या.

"चला, हॉस्पिटलला," मी म्हटलं.

"हॉस्पिटल-बिस्पिटल काही नाही. फार्मसीत चल. तिथेच देतात म्हणे हल्ली."

ते खरं होतं. साध्या संसर्गावर इथे आता फार्मासिस्ट औषध देऊ शकतात. फार्मसीतली मुलगी पंजाबी होती, अगदी गोड. ती कागदावरचे प्रश्न एकेक करून हिंदीत विचारायला लागली. बुखार? थोडासा. पीठ में दर्द? नहीं.

"डायबिटीज है, आंटी?"

"नहीं," वन्सं म्हणाल्या. "हमारे खानदान में किसी को नहीं है."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगात ताप, डोळे तांबारलेले, तरी त्या नजरेत काय आहे ते मला लगेच कळलं. मला सगळं माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. कदाचित पाडव्यापासूनच. फिनाइलची बाटली मी बहुतेक उलट्या बाजूने ठेवली असणार.

"है," मी म्हणाले. "मैंने इनकी दवाई की बोतल देखी है."

हे म्हणताना मला जो आनंद झाला तो मुलीच्या ग्रॅज्युएशनलाही झाला नव्हता. वाया गेला म्हणून वाईट वाटलं, कारण ऐकायला ती मुलगी आणि फ्लू शॉट घ्यायला बसलेले एक चिनी आजोबा, दोघंच होते. मुलीने पेन खाली ठेवलं. ताप आहे, मधुमेह आहे, मग हे माझ्या हातात नाही, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत न्या, म्हणाली.

इमर्जन्सीत जन्मतारीख विचारली तर वन्संनी लग्नाची सांगितली. तेवढ्याने आमचा नंबर वर गेला. साखर बरीच वाढलेली होती, लघवीत जंतू होते, मूत्रपिंडं अजून वाचलेली होती. सलाइनमधून औषध सुरू झालं. संध्याकाळपर्यंत वन्सं तिथल्या सूपला नावं ठेवायला लागल्या, आणि डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही, कोर्स मात्र पूर्ण करा. मी म्हटलं, तो मी करून घेते. पट्टी न कापता.

शनिवारी दुपारी, बायका यायच्या जरा आधी, मी त्यांना वरच्या खोलीत चहा नेऊन दिला. डोकं पूर्ण ठिकाणावर आलं होतं, कारण चहा पहिल्या घोटालाच पाणचट ठरला.

"वन्सं, का लपवलंत?"

"मुलाला कळलं तर तो म्हणेल, आई, घर विक आणि इकडे ये. मला नाही राहायचं त्याच्या कॉन्डोत."

"आणि काल मला माहीत नसतं तर?"

त्यांनी त्याच पाणचट चहाचा आणखी एक घोट घेतला. मी तो संपायची वाट बघितली नाही. "मला तुमच्याकडून एक हवंय," मी म्हटलं. "गेल्या वर्षी जे बोललात ते परत घ्यायचं. बायकांच्या ग्रूपवर. आत्ता."

त्यांनी फोन घेतला, मला हातानेच दार दाखवलं आणि मी बाहेर पडल्यावर आवाजी निरोप रेकॉर्ड केला. मी खाली जाऊन दारं उघडेपर्यंत तो सगळ्यांपर्यंत पोचला होता. बायका आल्या त्या गहिवरूनच.

"किती गं मोठं मन तुझ्या वन्संचं!" पहिलीच म्हणाली. "तुझ्यासाठी डॉक्टरांना विचारून एवढी माहिती काढली!"

मी फोन काढून निरोप ऐकला. वन्सं म्हणत होत्या, "भावजयीच्या आजाराबद्दल मी डॉक्टरांकडे मुद्दाम चौकशी केली. ते म्हणाले, यात स्वच्छतेचा संबंध नसतो, साखरेचा असतो. तेव्हा बायकांनो, तिला समजून घ्या."

मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढले, ज्या मी एरवी एकेक करूनही चढत नाही.

"वन्सं! पुन्हा करा. या वेळी 'भावजयीचा' नाही, 'माझा'."

"नाही केलं तर?"

"खाली वीस बायका आहेत. माझ्याकडे लिहिलेलं भाषण आहे. शेवटचं वाक्य तर पाठच आहे."

वन्संनी कप बाजूला ठेवला आणि उशीला टेकल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर हसत नव्हते.

"बाबांना होती," त्या अचानक म्हणाल्या. "आमच्या बाबांना. आई त्यांच्यासाठी वेगळा बिनसाखरेचा चहा करायची आणि आम्हाला सांगायची, त्यांना गोड आवडत नाही. कुणाला कळता कामा नये, पोरींची लग्नं व्हायचीत."

मी दाराला टेकले. म्हणजे सुनेबरोबर आलेली साखर सून यायच्या कितीतरी आधीपासून त्या घरात होती. हे ऐकून मला वन्संची दया यायला हवी होती. थोडी आलीही असेल. पण मी फोन त्यांच्या हातात दिला.

"हेच बोला."

"जा खाली. समोर उभी राहिलीस तर मला जमणार नाही."

मी खाली आले. तिळगूळ वाटायला घेतला. वीस फोन एकदम वाजले. कुणीतरी आवाज मोठा केला आणि हॉलभर वन्सं बोलायला लागल्या : "काल मी इमर्जन्सीत होते. मला लघवीचं इन्फेक्शन झालं. मला आठ वर्षं साखर आहे, आमच्या बाबांनाही होती, म्हणजे ती घराण्यातलीच आहे. गेल्या वर्षी मी भावजयीला जे बोलले ते चूक होतं. साफ चूक." मग जरा थांबून : "पण माझी साखर हिच्यापेक्षा कंट्रोलमध्ये आहे."

हॉलमध्ये कुणाला हसावं की नाही ते कळेना. माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, शब्दाशब्दाने, त्याच वीस बायकांसमोर. इथे थांबायला हवं होतं, एवढं मला कळतं.

मी तिळगुळाचा डबा खाली ठेवला, हात पुसले आणि ग्रूपवर टाइप केलं : "माझी साखरेची तीन महिन्यांची सरासरी सात पूर्णांक दोन. वन्सं, तुमची?"

वन्संच्या नावाखाली 'टायपिंग' असं उमटलं. मग गेलं. मग पुन्हा उमटलं. वीस बायका आपापल्या फोनकडे बघत उभ्या होत्या, कुणी तिळगूळ तोंडात घालत नव्हतं, आणि वरच्या खोलीत पलंग करकरला.